प्रीलोड टाइट कर, म्हणे!

परवा शनिवारी सकाळी पुन्हा एकदा ते वाक्य ऐकलं. पाबे घाटाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर सात-आठ गाड्या लागल्या होत्या. एक चांगला आडवा-उभा मुलगा, नवी कोरी ऑफरोड गाडी घेऊन आलेला, कुणाला तरी विचारत होता, "दादा, खड्ड्यातून गेलं की मागचं टण्णकन आपटतं, काय करू?" आणि 'दादा'ने चहाचा ग्लास खाली न ठेवता, गाडीकडे नीट न बघता निकाल दिला, "वजन किती तुझं? शंभर? मग प्रीलोड फुल टाइट कर. आणि जरा जिम लाव!" सगळे हसले. मुलगाही हसला. अशा वेळी जाडी माणसं हसतातच, दुसरं करणार काय?

मी हसलो नाही. मी काही फार संवेदनशील माणूस आहे अशातला भाग नाही. दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य, जवळपास ह्याच शब्दांत, मी स्वतः एकाला ऐकवलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे सांगतोच. आजचा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. म्हणजे थोडाफार माझ्याच विरुद्ध आहे.

तर मंडळी, आधी गोष्ट.

माझा एक मित्र आहे. हापिसातलाच, पलीकडच्या टीममधला. त्याचं नाव इथे देत नाही, आणि ग्रुपवर त्याला ज्या नावाने हाक मारायचे ते तर मला आता लिहवतही नाही. वजन 108 किलो. हेल्मेट, बूट, गुडघ्याची आणि छातीची आर्मर, पाठीवर पाण्याची पिशवी आणि हत्यारं धरून 118. (हो, आम्ही नंतर रीतसर काट्यावर चढून मोजलं.) त्याने हौसेने एक ऑफरोड गाडी घेतली. कोणती ते महत्त्वाचं नाही, कारण हा त्या एका गाडीचा दोष नाहीच. मागच्या चाकाचा प्रवास, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण ताणलेल्या अवस्थेपासून पूर्ण दबेपर्यंत चाक जेवढं वर-खाली होतं ते अंतर, 200 मिमी. बऱ्यापैकी तगडी गाडी.

पहिल्याच महिन्यात तो कुरकुर करायला लागला. मागचं आपटतं. वळणावर गाडी बाहेर बाहेर जाते. रात्री समोरचे लोक सारखे डिपर मारतात. आता ह्या तीन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण रोग एकच होता. वजनाने मागचं बूड खाली बसलं की पुढचं तोंड वर होतं. हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतो, पुढच्या फोर्कचा कोन पसरट होतो आणि पुढच्या चाकावरचा भार कमी होऊन वळण रुंद होतं. तीन बग, मूळ कारण एक. एवढं मला, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणाऱ्याला, समजायला हवं होतं. पण मी काय सांगितलं? "प्रीलोड टाइट कर रे!"

त्याने केला. सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन शेवटच्या आट्यापर्यंत करून घेतला. आणि गंमत बघा, आपटणं कमी झालं! हेडलाइटही खाली आला. मी कॉलर ताठ केली. रोग बरा झाला असं सगळ्यांनाच वाटलं.

पुढच्या शनिवारी एका दगडी उतारावर, पुढचा ब्रेक हलकासा धरलेला असताना, मागच्या चाकाने एका दगडावरून लाथ झाडली. मागून येणाऱ्या मला स्पष्ट दिसलं: चाक खाली यायला हवं होतं, ते हवेतच राहिलं, मग आपटलं, मग गाडी आडवी, मग मित्र आडवा. कॉलरबोन मोडलं. आत प्लेट बसवावी लागली. पाच महिने गाडी बंद. आणि संध्याकाळी ग्रुपवर निकाल काय? "वजन झेपलं नाही." एकाने तर क्रेनचं चित्र टाकलं. त्याने गाडी विकायला काढली.

आता इथून पुढे इंजिनिअरिंग. घाबरू नका, बारावीच्या पलीकडचं काही नाही.

स्प्रिंगचा कडकपणा न्यूटन प्रति मिलिमीटर असा मोजतात, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो ते. हा आकडा स्प्रिंगच्या तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, चालू वेढ्यांची संख्या आणि धातू ह्यांवर ठरतो. बस्स. ह्यात प्रीलोडचा पत्ताही नाही. प्रीलोडची रिंग फिरवल्यावर तुम्ही स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवता, म्हणजे फक्त सुरुवातीची जागा बदलता. स्प्रिंग तीच, आकडा तोच. महिन्याच्या एक तारखेला बँकेत पाच हजार जास्त टाकले म्हणून पगार वाढत नाही, तसं आहे हे. शिल्लक जास्त दिसते, पण खर्चाचा वेग तोच राहतो.

हे पुस्तकी वाटतंय? मग टेप घ्या. मित्राचं प्लास्टर निघाल्यावर मी त्याच्या घरी गेलो तो पाच मीटरचा टेप घेऊनच. आधी माफी मागितली, मग मोजमाप. (त्याच्या आईने चहा दिला, पण माझ्याकडे बघून नाही. ते बरोबरच होतं.) पद्धत अगदी सोपी आहे:

एक. गाडी स्टँडवर किंवा क्रेटवर घ्या, मागचं चाक पूर्ण लटकू द्या. चाकाच्या आसापासून सरळ वर, शेपटावरच्या एका ठरावीक खुणेपर्यंत अंतर मोजा.

दोन. गाडी जमिनीवर उभी करा, फक्त स्वतःच्या वजनावर. तेच अंतर पुन्हा मोजा. पहिल्यातून हे वजा केलं की गाडीचा स्वतःचा सॅग मिळतो, त्याला स्टॅटिक सॅग म्हणतात.

तीन. रायडरने पूर्ण कपडे-बूट घालून फुटपेगवर उभं राहायचं, एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मोजायचं. पहिल्यातून हे वजा केलं की रायडर सॅग.

घर्षणामुळे आकडा थोडा इकडे-तिकडे होतो. म्हणून एकदा गाडी दाबून सोडून आणि एकदा उचलून सोडून मोजा आणि सरासरी घ्या. तीन माणसं, पंधरा मिनिटं, शंभर रुपयांचा टेप.

आमचे आकडे असे आले. गाडी कंपनीतून आली त्या सेटिंगवर: स्टॅटिक सॅग 22 मिमी, मित्र चढल्यावर 85 मिमी. म्हणजे खड्डा येण्याआधीच 200 पैकी 85 खर्च, जवळजवळ 42 टक्के. ऑफरोडला साधारण 30 ते 33 टक्के हा सर्वमान्य पल्ला आहे. म्हणजे आपटणार नाही तर काय होणार?

मग प्रीलोड फुल टाइट, म्हणजे माझ्या महान सल्ल्यानुसार: रायडर सॅग 64 मिमी. वा! 32 टक्के, पुस्तकात छापावा असा. आणि स्टॅटिक सॅग? 1 मिमी. अहो एक!

इथे जरा थांबा, कारण सगळी मेख इथेच आहे. 85 वजा 22 किती? 63. आणि 64 वजा 1? तेही 63. मित्राच्या वजनाने मागचं चाक दोन्ही वेळा बरोबर 63 मिलिमीटर दाबलं गेलं. प्रीलोड शेवटच्या आट्यापर्यंत नेऊनही त्याच्या वजनाला मिळणारा विरोध एका मिलिमीटरने वाढला नाही. 'टाइट' ह्या शब्दाने आपली सगळ्यांची फसवणूक केली आहे. रिंग टाइट होते, गाडी टाइट होत नाही.

आणि तो 1 मिमी म्हणजे काय? सस्पेन्शनने फक्त वर दाबलं जायचं नसतं, चाकाला खाली खड्ड्यातही जाता यायला हवं. स्टॅटिक सॅग ही त्यासाठीची राखीव जागा. उतारावर ब्रेक धरला की वजन पुढे सरकतं आणि मागचं चाक हलकं होतं. त्या क्षणी ज्या गाडीकडे खाली जायला जागाच शिल्लक नाही, तिचं चाक जमीन सोडतं. त्यात प्रीलोड जास्त असल्याने स्प्रिंग पूर्ण ताणलेल्या अवस्थेतही जास्त जोराने ढकलत असते, आणि परतीचा वेग आवरणारं रिबाउंड डॅम्पिंग मात्र कंपनीचंच, जसंच्या तसं. मला मागून दिसलेली ती लाथ ह्याच हिशोबातली होती. त्याचं वजन झेपलं नाही हे खोटं आहे. झेपला नाही तो माझा सल्ला.

आता हे उलटंसुलटं वाटेल, पण लक्षात ठेवा: रायडर सॅग बरोबर लावल्यावर स्टॅटिक सॅग जर जवळपास शून्य उरला, तर स्प्रिंग मऊ आहे. आणि स्टॅटिक सॅग फारच जास्त उरला, तर स्प्रिंग कडक आहे. बहुतेकांना उलट वाटतं. मलाही वाटायचं.

त्या दिवशी आणखी एक प्रयोग केला. त्याच गाडीवर, कंपनीच्या सेटिंगला, मी चढलो. मी 68 किलोचा, सगळ्या सरंजामासकट 78. रायडर सॅग किती? 64 मिमी! बरोबर 32 टक्के, आणि स्टॅटिक 22. गाडी जणू माझं माप घेऊन शिवलेली होती. मित्राने पैसे भरले, हप्ते भरतोय, आणि गाडी मात्र माझ्यासाठी बनलेली. त्या क्षणी मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

आपल्या धंद्यात एक जुना विनोद आहे. टेस्टर सांगतो, प्रोग्राम बंद पडतोय. डेव्हलपर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" ऑफरोडच्या दुनियेत सत्तर किलोचे सगळे सल्लागार हेच म्हणत असतात. त्यांच्या मशीनवर चालतंय. खरोखरच चालतंय, ते खोटं बोलत नाहीत. फक्त कोडमध्ये रायडरचं वजन हार्डकोड केलेलं आहे, आणि ते नेमकं त्यांचंच वजन आहे, हे त्यांना कधी कळलेलं नाही. मग ज्याच्याकडे बंद पडतं त्याला ते 'युजर एरर' म्हणतात.

आता नेहमीचे युक्तिवाद एकेक करून घेऊ.

पहिला: "अरे ह्याच गाडीवर दोन माणसं बसतात की! 70 अधिक 70, 140 झाले. मग तुझ्या 118 ला काय धाड भरली?" हा युक्तिवाद मी सर्व्हिस सेंटरवाल्यांकडून, चुलत्यांकडून आणि एका प्रशिक्षकाकडूनही ऐकला आहे. उत्तर असं, की भार वाहणं आणि चाक जमिनीला चिकटवून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. डबलसीट आपण डांबरावर, बसून, चाळीस-पन्नासच्या वेगाने जातो. डबलसीट घेऊन दगडी उतार कोण उतरतं? फ्रेम, रिम, टायर 118 किलो आरामात वाहतील, प्रश्न तुटण्याचा नव्हताच मुळी. एसटीचं उदाहरण घ्या. रिकाम्या लाल डब्यात मागच्या सीटवर बसून बघा, मणके मोजता येतात. तीच एसटी खचाखच भरली की कशी मऊ चालते! पाटे तेच, रस्ता तोच, वजन वेगळं. दोन्ही वेळा एसटी भार 'वाहते'च आहे. म्हणून दोन्ही प्रवास सारखे होतात का?

दुसरा: "गाडी नाही रे, रायडर महत्त्वाचा. आम्ही स्टॉक सस्पेन्शनवर लडाख केलंय." केलं असेल, अभिनंदन. कौशल्य महत्त्वाचं आहे, शंभर टक्के मान्य. पण कौशल्य शिकताना हाताखालची गाडी दर वेळी एकसारखी वागायला हवी ना? ज्याची गाडी निम्मा प्रवास आधीच गिळून बसली आहे, तो जे शिकतो ते रायडिंग नाही, तो त्या गाडीच्या खोडी सांभाळायला शिकतो. शिवाय जे स्टॉक गाडीवर पडले आणि नंतर गाडी विकून मोकळे झाले, ते टपरीवर सांगायला येत नाहीत. आपल्यापर्यंत किस्से पोचतात ते परत आलेल्यांचेच.

तिसरा आणि सर्वात आवडता: "वजन कमी कर." ह्यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

वजनाने फरक पडतो, हे मी नाकारत नाही. दम लवकर लागतो, पडलेली गाडी दहाव्यांदा उचलताना जीव जातो, गुडघ्यांवर ताण येतो. मित्राला हे कुणी सांगायची गरज नव्हती, तो ह्या सगळ्याचा पंचवीस वर्षांचा तज्ज्ञ आहे. पण "वजन कमी कर" हे "माझं सस्पेन्शन आपटतंय" ह्या प्रश्नाचं उत्तर नाही. चष्म्याच्या दुकानात गेल्यावर दुकानदाराने "गाजरं खा" म्हटलं तर चालेल का? डोळ्याला नंबर आहे, नंबराची काच दे, विषय संपला. गाजरं मी घरी जाऊन खाईन.

आणि दुसरं म्हणजे वजन कमी व्हायचं तेव्हा होईल, शनिवार उद्या आहे. उद्याच्या उतारावर 118 किलोच उतरणार आहेत. त्या 118 किलोंसाठी गाडी लावून देणं हे काम आज करता येतं. आणि गंमत म्हणजे उंच, दणकट, रोज व्यायाम करणारा माणूससुद्धा शंभर किलोचा असू शकतो. स्प्रिंगला चरबी आणि स्नायू ह्यांतला फरक कळत नाही. ती न्यायाने वागते, अन्याय आपण करतो.

बरं, मग करायचं काय? तक्रार पुष्कळ झाली, आता कामाचं बोलू. आम्ही जे केलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम स्प्रिंगचं. जड रायडरला जास्त कडक स्प्रिंग लागते, दुसरा शॉर्टकट नाही. किती कडक? मागच्या चाकावर गाडी आणि रायडर मिळून जो भार येतो, तो माझ्या तुलनेत मित्राच्या बाबतीत साधारण वीस टक्के जास्त भरत होता. पाणी, हत्यारं, एखादी बॅग धरून आम्ही 25 टक्के कडक स्प्रिंग ठरवली. भोसरीला एक स्प्रिंग बनवणारे काका आहेत, त्यांच्याकडे जुनी स्प्रिंग घेऊन गेलो. काकांनी व्हर्निअर लावलं आणि कॉलेजात चार वर्षांत जे कळलं नव्हतं ते चार मिनिटांत सांगितलं. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो. दहाच्या जागी साडेदहा मिलिमीटरची तार घेतली की बाकी सगळं तेच ठेवून साधारण 22 टक्के वाढ. उरलेली वाढ वेढे किंचित कमी करून. मात्र जाड तारेची स्प्रिंग पूर्ण दबल्यावर जास्त जागा खाते. शॉकअब्सॉर्बर पूर्ण दबण्याआधीच वेढ्याला वेढा टेकला तर आतलं काहीतरी फुटेल. ते आधी मोजून घ्या. आणि कुणी जुनीच स्प्रिंग कापून देतो म्हणाला तर तिथून निघा. वेढे कमी झाल्याने ती कडक होते हे खरं, पण लांबी जाते, टोक नीट बसत नाही आणि प्रवासाच्या शेवटी ती टेकते. तयार स्प्रिंग बाजारात मिळत असेल तर तीच घ्या, कारण चांगल्या धातूची, नीट प्रक्रिया केलेली स्प्रिंग वर्षभरात बसत नाही.

दुसरं काम पुढचं. सगळे मागच्या शॉकच्या मागे लागतात आणि फोर्क विसरतात. बसल्यावर वजन जास्त करून मागे जातं, पण ऑफरोडला आपण उभे असतो आणि उतारावर तर सगळा लोंढा पुढे. मागचं कडक आणि पुढचं मऊ ठेवलं तर गाडी उतारावर नाक खुपसते. फोर्कच्या स्प्रिंगही त्याच प्रमाणात बदलायला हव्यात. फोर्कमध्ये वायसर किंवा पाइपचा तुकडा टाकून देणारे मेकॅनिक असतात. ते पुन्हा प्रीलोडच, दुसऱ्या नावाने. ऑइलची पातळी थोडी वाढवणं हा मात्र खरा उपाय आहे, पण तो शेवटच्या भागापुरता. वरची हवेची जागा कमी होते, ती दबताना शेवटी शेवटी कडक होते आणि टोकाचं आपटणं कमी होतं. पातळी मिलिमीटरमध्ये मोजायची, अंदाजाने ओतायचं नाही. जास्त झालं तर सील फुटतं.

तिसरं काम रिबाउंड, आणि हे सर्वात धोक्याचं. कडक स्प्रिंग दबली की जास्त जोराने परत येते. तो जोर आवरायला डॅम्पिंगही वाढवावं लागतं, नाहीतर आपण पैसे खर्च करून अजून मोठी लाथ विकत घेतली असं होईल. हिशोब सोपा आहे. भार आणि स्प्रिंग दोन्ही साधारण त्याच पटीत वाढले तर डॅम्पिंगही त्याच पटीत वाढवायचं, मग गाडीचा मूळ स्वभाव टिकतो. रिबाउंडचा स्क्रू असेल तर दोन-दोन क्लिक करत आवळा आणि दर वेळी तोच शंभर मीटरचा तुकडा चालवून बघा. स्क्रू नसेल तर फोर्कमध्ये थोडं घट्ट ऑइल, आणि मागच्यासाठी शॉक उघडून काम करणारा माहीतगार माणूस. त्यात दाबाखालचा नायट्रोजन असतो, घरी स्पॅनर घेऊन बसू नका. जागेवरची चाचणी अशी, की सीट जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन शांत बसली पाहिजे, स्प्रिंगच्या बाहुलीसारखी डोलत राहता कामा नये.

आणि सगळ्यात शेवटी प्रीलोड. हो, प्रीलोडच! तो शेवटी येतो. योग्य स्प्रिंग बसल्यावर बारीक जुळवणी करायला. आमचे शेवटचे आकडे: रायडर सॅग 63, स्टॅटिक 12. दोन्हींतला फरक 51, आधी 63 होता. आता कुठे त्याच्या वजनाला खरा विरोध मिळाला. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा. दोन बदल एकदम करून कुणी बग शोधलाय का आजवर?

आता माझा खरा राग. तो टपरीवरच्या दादांवर थोडा, आणि गाडी बनवणाऱ्यांवर जास्त.

केटीएमच्या ईएक्ससी एन्ड्युरो गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये एक छोटा तक्ता असतो. रायडरचं वजन 65 ते 75, 75 ते 85, 85 ते 95, आणि प्रत्येकापुढे पुढच्या-मागच्या स्प्रिंगचा आकडा. एवढासा तक्ता! त्या ओळी वाचून वजनदार माणसाला कळतं, की आपण विकृती नसून तक्त्यातली एक ओळ आहोत. मित्राच्या गाडीच्या जाडजूड पुस्तिकेत हॉर्न कसा वाजवावा हे चित्रासकट आहे, पण स्प्रिंगचा आकडा कुठेही नाही. भोसरीच्या काकांनी मोजला तेव्हा कळला. क्रॅश गार्ड मिळतं, पेट्या मिळतात, स्टिकर तर सतरा रंगांचे. कडक स्प्रिंग? "तसा पार्ट नसतो सर."

कंपन्यांचा बचाव मला ठाऊक आहे. प्रत्येकाच्या वजनाची वेगळी गाडी बनवता येत नाही, सगळ्यांसाठी कडक केली तर हलक्या माणसाचे दात खिळखिळे होतील. मान्य, एसटीचं उदाहरण मीच दिलं. पण मागणी तशी नाहीच. कारखान्यातून मधली स्प्रिंग लावूनच गाडी द्या. फक्त तिचा आकडा पुस्तिकेत छापा, ती किती वजनासाठी आहे ते लिहा, आणि एक मऊ व एक कडक अशा दोन स्प्रिंग काउंटरवर विकायला ठेवा. गाडीची डिलिव्हरी देताना हार घालता, पेढे देता, फोटो काढता. त्यातच पंधरा मिनिटं सॅग मोजून द्या. शर्ट घेताना दुकानदार छाती मोजतो, अडीच-तीन लाखांची गाडी देताना विचारतसुद्धा नाही. ज्याला पडून हाड मोडायचं आहे त्याचंच माप कुणी घेत नाही, हे अजब आहे.

आणि ग्रुप लीडर, प्रशिक्षक, टपरीवरचे समस्त दादा, तुमच्यासाठी एकच. पुढच्या वेळी कुणी म्हणालं "मागचं आपटतं", तर त्याला वजन विचारा, जरूर विचारा, पण विनोदासाठी नाही, हिशोबासाठी. आणि मग टेप काढा. टेप नसेल तर सरळ "मला माहीत नाही" म्हणा. हे तीन शब्द मी त्या शुक्रवारी बोललो असतो तर एक हाड वाचलं असतं.

मित्राने गाडी विकली नाही. नवीन स्प्रिंगवर पहिल्यांदा त्याला एका मोकळ्या माळावर घेऊन गेलो, उतार-बितार काही नाही. दोन फेऱ्या मारून आला, हेल्मेट काढलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटायचं मलाच जमत नाही." एवढंच.

परवा टपरीवरच्या त्या मुलालाही मी हळूच बाजूला घेतलं. टेप हल्ली माझ्या टूलकिटमध्येच असतो. रायडर सॅग 81 निघाला. त्याने आकडा फोनमध्ये लिहून घेतला, आणि जाताना विचारलं, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

नाही रे बाबा. स्प्रिंग चुकीची होती.